दुधाची वही आणि पखवाज, दोन्ही लिही

तू लिहिलंस, "काका, मी औशाजवळच्या खेड्यातली, लातूरला अकरावीत आहे. बारावीनंतर अमेरिकेत शिकायचंय, पण फॉर्ममधल्या ॲक्टिव्हिटीजमध्ये काय लिहू? एक सर पैसे घेऊन समाजसेवेचं सर्टिफिकेट देतो म्हणतात. घेऊ का?"

अजिबात घेऊ नकोस. खोटं उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही जातो. आणि तुला त्याची गरजच नाही. त्याच पत्रात तू सहज लिहून गेलीस की संध्याकाळी घरच्या डेअरीवर दूध मोजतेस, वही सांभाळतेस, आणि सप्ताहात कीर्तनाला पखवाज वाजवतेस. लेकरा, हेच तर लिहायचं!

कॉमन ॲप म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचा एकच सामाईक ऑनलाइन फॉर्म. त्यात नववी ते बारावीतल्या 10 गोष्टी लिहिता येतात. घरची जबाबदारी आणि काम यांना तिथं वेगळे प्रकारच दिलेत. उदगीरच्या मोंढ्यात वडिलांची आडत होती. सुट्टीभर मी पट्ट्या लिहायचो, पण इथं अमेरिकेत अर्ज करताना त्याचा उल्लेखही केला नाही, लाज वाटली. मागच्या वर्षी मुलीचा फॉर्म भरताना ते रकाने पाहिले आणि फार हळहळलो.

वर्णनाला फक्त 150 अक्षरं मिळतात, मधल्या मोकळ्या जागाही त्यातच. म्हणून "वडिलांना मदत करते" यात अक्षरं घालवू नकोस. किती जणांचं दूध मोजतेस, फॅट तूच तपासतेस का, दहा दिवसांचा हिशेब कोण करतं, ते आकड्यांत सांग. सप्ताह म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसणार. गावातला सात दिवसांचा भजन-कीर्तनाचा सोहळा, एवढं पुरे. आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडेही विचारतात. तिथं सप्ताहाचे सातच दिवस धरू नकोस, वर्षभराचा रियाज मोज.

जे सगळ्यात महत्त्वाचं, ते वर. क्लासेस यात धरू नकोस. आठवीची शिष्यवृत्तीही नको, बक्षिसांच्या 5 ओळीसुद्धा नववीपासूनच्याच. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचा, यूसीचा, फॉर्म वेगळा असतो. तिथं बक्षिसं धरून 20 नोंदी आणि वर्णनाला 350 अक्षरं. वेगळा रेझ्युमे मागितलाच तर एका पानात बसव.

कॉमन ॲपचा फॉर्म 1 ऑगस्टला उघडतो, लवकरच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर. तोवर थांबू नकोस. आजपासून वहीत तास टिपत जा. पखवाजाची ओळ आधी लिहून पाठव, आपण दोघं मिळून ती 150 अक्षरांत बसवू.