वाचक विचारतात : किन्सेलची लढाई आणि तिच्यानंतरचे आयर्लंड

प्रश्न : किन्सेलच्या लढाईची तारीख एका पुस्तकात २४ डिसेंबर १६०१ आहे, तर दुसऱ्यात ३ जानेवारी १६०२. खरी कोणती? (सातारा)

दोन्ही खऱ्या. किन्सेल हे आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे बंदर. इंग्रजी राजवटीविरुद्ध उठलेले आयरिश सरदार आणि त्यांच्या मदतीला आलेले स्पॅनिश यांना इंग्रजांनी तिथे हरवले. स्पेनने १५८२ मध्ये नवी ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली. इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्या जुलियन कालगणनेला धरून राहिले. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. इंग्रजी कागदांत २४ डिसेंबर म्हणजे स्पॅनिश कागदांत ३ जानेवारी.

आणखी एक खोच आहे. तेव्हाच्या इंग्रजी दप्तरात नवे वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळे स्पॅनिश शरणागतीचा दिवस मूळ कागदात '२ जानेवारी १६०१' असा सापडतो आणि लढाईच्या आधीच शरणागती झाली की काय, असे वाटते. ते आपल्या हिशेबाने १६०२ आहे. टिपणे काढताना तारखेपुढे 'जुनी' किंवा 'नवी' एवढे लिहून ठेवा, पुढचा घोळ टळेल.

प्रश्न : ह्यू ओनील गनिमी काव्यात इतका तरबेज होता, मग किन्सेलला काही तासांत कसा हरला? (नाशिक)

कारण त्या दिवशी तो गनिमी काव्याने लढलाच नाही. त्याला तिथवर ओढून नेले ते भूगोलाने.

ओनील हा इंग्रजांविरुद्धच्या उठावाचा मुख्य आयरिश सरदार. त्याचे बळ उत्तरेत, अल्स्टरमध्ये. तिथल्या दलदली, रानवाटा आणि नद्यांचे उतार त्याला तोंडपाठ होते. १५९८ मध्ये यलो फोर्डला त्याने सुमारे चार हजारांची इंग्रज फौज अशाच वाटेवर गाठून फोडली. तिचा सेनापती हेन्री बॅगनाल तिथेच पडला. स्पेनची मदत मात्र उतरली थेट दक्षिण किनाऱ्यावर, किन्सेल बंदरात. सप्टेंबर १६०१ अखेर स्पॅनिश सेनापती डॉन हुआन देल आगिला साडेतीन हजारांच्या आसपास माणसे घेऊन तिथे आला. वादळाने काही जहाजे आधीच माघारी गेली होती. मोठी फौज असेल तर दक्षिणेला, छोटी असेल तर उत्तरेला या, असे ओनीलचे सांगणे होते. आली छोटी फौज, आणि तीही दक्षिणेला. शिवाय दक्षिणेच्या मन्स्टर प्रांतात उठाव करू शकणारे दोन बडे सरदार, जेम्स फिट्झथॉमस आणि फ्लोरेन्स मॅकार्थी, त्याच वर्षी पकडले जाऊन लंडनच्या टॉवरमध्ये पोहोचले होते. त्यामुळे स्पॅनिशांच्या स्वागताला उठणारे फारसे कोणी उरले नव्हते.

आयर्लंडमधला राणीचा प्रतिनिधी (लॉर्ड डेप्युटी) माउंटजॉयने शहराला वेढा घातला. ओनील आणि त्याचा उत्तरेतलाच साथीदार सरदार रेड ह्यू ओडॉनेल भर हिवाळ्यात सारा देश ओलांडून दक्षिणेत आले. वाटेत मन्स्टरचा इंग्रज प्रमुख जॉर्ज कॅर्यू अडवायला टपला होता, पण स्लीव्ह फेलिमच्या एरवी चिखलाने भरलेल्या डोंगरवाटा थंडीने गोठल्या होत्या. ओडॉनेल त्या वाटांनी रातोरात निसटला. आता रचना अशी झाली : शहरात स्पॅनिश, त्यांच्याभोवती इंग्रज आणि इंग्रजांच्या पाठीशी आयरिश. वेढा घालणाराच वेढ्यात सापडला. इंग्रज छावणीत रोगराईने माणसे पटापट मरत होती, घोड्यांचा चारा संपत आला होता. ओनीलने तिथे नुसते बसून राहायला हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण शहरातल्या आगिलाचे हल्ला करा म्हणून निरोपावर निरोप येत होते आणि ओडॉनेलही थांबायला तयार नव्हता.

मग ठरले ते रात्रीच्या अंधारात तीन तुकड्यांनी सरकणे. वादळी पाऊस होता, वाट चुकली, ओडॉनेलची तुकडी मागेच राहिली. उजाडले तेव्हा इंग्रज सावध होते. ओनीलने ओढ्यापलीकडे, दलदलीच्या आडोशाला मागे सरकायचे ठरवले आणि सारे बिनसले ते इथे. त्याचे पायदळ स्पॅनिश धर्तीवर लांब भाल्यांचे दाट चौकोन करून उभे होते. असा चौकोन जागेवर उभा असेपर्यंत घोडदळाला भारी पडतो. शत्रूसमोर मागे सरकताना त्याची ओळ राखायला मात्र वर्षानुवर्षांची कवायत लागते. झाडाआडून बंदुका चालवण्यात ही माणसे पटाईत होती, पण ही कवायत त्यांच्या अंगात मुरलेली नव्हती.

माउंटजॉयने बहुतेक फौज शहरावर पहाऱ्याला ठेवली आणि घोडदळासह थोडीच माणसे बाहेर काढली. पहिला हल्ला भाल्यांपुढे वळला. मग इंग्रज स्वार आयरिश घोडदळावर गेले. आयरिश स्वार रिकिबीशिवाय बसत आणि भाला खांद्यावरून उगारून मारत. चकमकीत चपळ, पण रिकिबीत पाय रोवून अंगावर येणाऱ्या स्वारापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. ते मागे पळाले ते थेट आपल्याच पायदळात घुसून. चौकोन आतून फुटला आणि उरला तो फक्त पाठलाग. इंग्रजांनी बाराशे आयरिश मारल्याचे लिहिले. त्यांची स्वतःची हानी अगदी थोडी होती. आगिला वेळेवर बाहेर आलाच नाही. पुढे तो अटी ठरवून शरण गेला आणि शस्त्रांसह मायदेशी परतला.

प्रश्न : व्हिस्कीच्या एका बाटलीसाठी कोणी तरी हल्ल्याची बातमी फोडली, हे खरे का? (बेळगाव)

ब्रायन मॅकमॅहन नावाच्या सरदाराने कॅर्यूकडे बाटली मागितली आणि बदल्यात इशारा दिला, अशी ती कथा. ती येते कॅर्यूच्याच गोटातल्या वृत्तांतातून. ती खरी मानली तरी पराभवाचे कोडे तिने सुटत नाही. बातमी फुटल्याने इंग्रज जागे राहिले असतील. पायदळ फुटले ते उघड्या मैदानावर. फितुरीची गोष्ट लक्षात राहते, पण तिच्यामुळे खरी कारणे झाकली जातात.

प्रश्न : आजच्या उत्तर आयर्लंडचे सहा परगणे म्हणजे किन्सेलनंतर वसाहत केलेले सहा परगणेच ना? (पुणे)

नाही. ही चूक फार सर्रास होते. १६०९ च्या अल्स्टर वसाहत योजनेतले (जप्त आयरिश जमिनीवर इंग्रज आणि स्कॉट वसवण्याच्या सरकारी योजनेतले) परगणे होते आर्मा, कॅव्हन, कोलरेन, डोनेगॉल, फर्मॅना आणि टिरोन. आजच्या उत्तर आयर्लंडमध्ये अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, लंडनडेरी (म्हणजे मुख्यतः जुने कोलरेन) आणि टिरोन येतात. डोनेगॉल आणि कॅव्हन १९२१ च्या फाळणीत दक्षिणेकडे राहिले. उलट अँट्रिम आणि डाउन सरकारी योजनेत नव्हतेच. तिथे स्कॉटिश लोक खासगी व्यवहारांतून आधीच येऊन बसले होते.

शिवाय लढाई हरली आणि जमीन गेली, इतके ते सरळ नव्हते. मार्च १६०३ मध्ये मेलिफोंटला ओनील शरण आला, तेव्हा राणी एलिझाबेथ वारून सहा दिवस झाले होते. माउंटजॉयला ते ठाऊक होते, ओनीलला नव्हते. तरीही त्याला सरदारकी आणि बहुतेक मुलूख परत मिळाला. गेला तो त्याचा आधार. स्पेनला गेलेला ओडॉनेल १६०२ मध्ये तिथेच वारला आणि १६०४ मध्ये स्पेनने इंग्लंडशी तह करून टाकला. मग न्यायालये आली. भाऊबंदांत जमिनीची वाटणी करण्याची आणि कुळातून वारस निवडण्याची जुनी आयरिश रीत १६०६ व १६०८ च्या निवाड्यांनी बेकायदा ठरली. ती रीत गेली की सरदार हा नुसता जमीनदार उरतो. सप्टेंबर १६०७ मध्ये ओनील आणि ओडॉनेलचा भाऊ रॉरी रॅथमलनहून जहाजाने युरोपला निघून गेले आणि त्यांचा मुलूख जप्त झाला.

जप्त जमिनीचे हजार, दीड हजार आणि दोन हजार एकरांचे तुकडे पाडले. हजार एकरांमागे इंग्रज किंवा स्कॉट असे २४ पुरुष वसवायचे, तटबंदीचे आवार बांधायचे आणि आयरिश कुळे ठेवायची नाहीत, अशी अट होती. सरकारसारा हजार एकरांना नव्या वसाहतदारांकडून ५ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. आयरिश धारकांकडून बरोबर दुप्पट. योजना फसली ती तिसऱ्या अटीवर. बाहेरून पुरेशी माणसे येईनात आणि आयरिश कुळे जास्त खंड द्यायला तयार होती, म्हणून मालकांनी त्यांना ठेवून घेतले. परिणामी उजाड मुलखात नवी वस्ती उभी राहण्याऐवजी जमीन गमावलेले आणि जमीन मिळालेले एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहू लागले. १६४१ चा उठाव याच अल्स्टरमध्ये पेटला.

प्रश्न : आम्ही कॉर्कला राहतो. किन्सेलला काय पाहावे? (आयर्लंड)

अंतर सुमारे २५ किलोमीटर. सगळे जण चार्ल्स फोर्ट पाहतात. किल्ला देखणा आहे, पण त्याचे बांधकाम लढाईच्या कितीतरी नंतरचे. स्पॅनिशांनी धरलेली रिंगकरनची गढी त्याच जागी होती, एवढाच त्याचा या वेढ्याशी संबंध. समोरच्या भूशिरावरचा जेम्स फोर्टही लढाईनंतर लगेच बांधायला घेतला. तिथली आधीची गढी इंग्रजांनी नोव्हेंबरात जिंकली होती. लढाई झाली ती जागा समुद्राकडे नाही, शहराच्या वायव्येला आहे. आज तिथे शेते आणि कुंपणे आहेत. पावसाळी दिवशी गेलात तर बूट चांगले घाला. ओढ्याकाठची जमीन अजूनही पाय धरते.