शेवटून पहिल्याला

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. असं लिहायचं माझं वय झालं खरं, पण शनिवारी सकाळच्या पाच किलोमीटरच्या धावेत आपण दोघं घोळक्याच्या एकाच टोकाला असतो, म्हणून ‘मित्रा’च बरं.

तुझा निरोप मिळाला. ‘काकू, पुढच्या शनिवारी मी येत नाही. माझ्यामुळे सगळे खोळंबतात. उत्साहच राहिला नाही.’ लगेच उत्तर दिलं असतं तर ‘अरे, असं काय करतोस, ये की’ एवढंच लिहिलं असतं आणि तू ‘बघतो’ म्हणून मोकळा झाला असतास. म्हणून दोन दिवस थांबले.

आधी एक सांगून टाकते. गेल्या खेपेला चौथ्या किलोमीटरच्या वळणावर तू बाजूच्या फाटकातून सटकलास ते मी पाहिलंय. नाडी बांधायला वाकलास, हळूच मागे बघितलंस, आणि उठलास तो थेट फाटकाकडे. मी टेल वॉकर. सगळ्यांच्या शेवटी चालायचं हेच माझं काम, माझ्या नजरेतून कोण सुटणार? हाक मारली नाही, कारण त्या क्षणी हाक मारलेली कुणालाच आवडत नाही. पण फाटकाचं शेवटच्या टेबलापाशी सांगायचं माझ्या डोक्यातून गेलं आणि तिथे मोजदादीत एक माणूस कमी भरला. मी टेबल आवरेपर्यंत दोन व्हॉलंटियर अर्धी फेरी उलटे फिरून आले, कुणी चक्कर येऊन पडलंय का ते बघत. चूक माझी. तरी तुलाही सांगते, अर्ध्यातून सोडायचं तर खुशाल सोड, पण सांगून सोड.

न सांगता निघून जाण्यात तुझ्या पुढे एक मोठा माणूस आहे म्हणा. शिझो कानाकुरी, जपानचा मॅरेथॉनपटू. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उकाड्याने निम्म्याच्या आसपास धावपटूंनी शर्यत सोडली, त्यातला हा एक. पण हा शर्यतीच्या अधिकाऱ्यांना न सांगताच मायदेशी परतला. स्वीडनमध्ये त्याची नोंद बेपत्ता म्हणून राहिली. १९६७ साली त्याला पुन्हा बोलावलं आणि पंच्याहत्तरीच्या या गृहस्थांनी राहिलेली शर्यत पुरी केली. वेळ लागली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. तुझ्याकडे अजून बराच वेळ आहे एवढंच म्हणते. मधल्या काळात तो माणूस लाजून घरी बसला नव्हता, हेही लक्षात घे. पुढच्या दोन ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉन धावला.

आता ‘खोळंबतात’बद्दल. तुला खोटा धीर देणार नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत कुणीतरी थांबतं हे खरंच आहे. स्टॉपवॉच धरलेला थांबतो, धावून आलेल्यांचे बारकोड नोंदीसाठी टिपणारी थांबते, मी तर थांबतेच. पण हे थांबणं म्हणजे खोळंबा नव्हे, ते आम्ही आपणहून घेतलेलं काम आहे. न थांबणारे कसे असतात ते मी पाहिलंय. माझी पहिली धाव दुसऱ्याच एका ठिकाणी झाली होती, तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. ५२ मिनिटं लागली. शेवटच्या वळणावरून बघते तर फिनिशची फीत गुंडाळून झालेली, कमान खाली उतरलेली आणि एक मुलगा खुर्च्या एकात एक घालत होता. त्या खुर्च्यांचा खट् खट् आवाज माझ्या कानात अजून आहे. मी ती रेघ ओलांडलीच नाही, कारण रेघच नव्हती. सरळ चालत बाहेर गेले आणि पुढचे सात महिने बूट कपाटात.

म्हणून आपल्या धावेला टेल वॉकर आहे याचं मला फार अप्रूप. पद्धत पार्करनची, म्हणजे दर शनिवारी बागेत होणाऱ्या पाच किलोमीटरच्या सामूहिक धावेची. २००४च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या बुशी पार्कात तेराजण पाच किलोमीटर धावले, त्यातून ती चळवळ उभी राहिली. पॉल सिंटन-ह्यूइट यांनी ती सुरू केली तेव्हा दुखापतीमुळे त्यांना स्वतःला धावता येत नव्हतं. धावणाऱ्या मित्रांशी संबंध तुटू नये म्हणून त्यांनी हा घाट घातला. तिथे वेळेची मर्यादा नाही, आणि शेवटचा नंबर नेहमी टेल वॉकरचा, म्हणजे बाकी कुणी शेवटचं येऊच शकत नाही. गंमत अशी की वर्षं सरली तशी तिथली सरासरी वेळ वाढत गेली, लोक हळू होत गेले, आणि ही गोष्ट ते अभिमानाने सांगतात. कारण उघड आहे. पळणारे तेच राहिले आणि चालणारे वाढले.

हे झालं आयोजनाचं. आता तुझ्या पायांचं बघू.

तू फाटकातून गेलास त्याच्या आधीच्या शनिवारच्या तुझ्या वेळा मला दाखवल्या होत्यास, आठवतंय? मी उतरवून घेतल्या होत्या. पहिला किलोमीटर ६:२०. दुसरा ८:५०. तिसरा १०:३०. चौथा ११:१०. पाचवा १०:१०. एकूण ४७ मिनिटं. तू म्हणालास, ‘मी फारच स्लो आहे.’ मला त्यात हळू माणूस दिसला नाही. पहिल्या किलोमीटरला भलत्याच माणसाच्या मागे लागलेला आणि पुढचे चार त्याची किंमत मोजणारा माणूस दिसला. तीच ४७ मिनिटं पाचांत सारखी वाटलीस तर किलोमीटरला ९ मिनिटं २४ सेकंद येतात. त्या वेगाने निघाला असतास तर तिसऱ्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत उभा राहिला नसतास, आणि वेळही बहुधा कमीच लागली असती.

होतं काय, की शिट्टी वाजली की सगळा घोळका सुटतो आणि आपले पाय त्यांच्यात वाहत जातात. पहिली दोन मिनिटं अगदी हलकं वाटतं, कारण धाप जरा उशिरानेच लागते. म्हणून माझं पहिलं सांगणं, आणि बाकी सगळं विसरलास तरी चालेल: सुरुवातीला मागे उभा राहा. अगदी मागे, माझ्याजवळ. सगळे जाऊ देत. पहिला किलोमीटर इतका सावकाश धाव की तुलाच संकोच वाटेल. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. घड्याळाकडे बघू नकोस, माझ्याशी बोल. तोंडातून तुटक शब्द यायला लागले की मीच तुला सांगेन.

आणि मध्ये चाल. दम संपल्यावर नाइलाजाने चालणं वेगळं, दम असताना ठरवून चालणं वेगळं. ‘काउच टू फाइव्ह के’ हा नवख्यांचा कार्यक्रम जॉश क्लार्क याने १९९६ मध्ये आपल्या पन्नाशीतल्या आईसाठी बनवला. त्याचा पहिला आठवडा काय आहे? साठ सेकंद धावायचं, नव्वद सेकंद चालायचं, आणि हेच वीस मिनिटं आलटून पालटून. धावण्यापेक्षा चालणं जास्त! तू पहिल्याच शनिवारी सलग पाच किलोमीटर धावायला निघालास आणि वर म्हणतोस उत्साह राहिला नाही. राहील कसा?

शरीराचं एक गणित सांगते, ते मी पोटरी धरून शिकले. काही आठवडे नेमाने धावलं की दम वाढतो, जिना चढताना फरक कळतो. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि हाडं बळकट व्हायला महिनोन्महिने जातात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फसगत होते. छाती म्हणते पळ, आणि नडगी म्हणते थांब. अशा वेळी नडगीचं ऐकावं. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र तिथल्या तिथे थांबायचं, मला सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. त्यात गंमत नाही.

तू म्हणशील, हे सगळं सामान्य माणसांचं. तर मग बिल बॉवरमन यांचं ऐक. ओरेगन विद्यापीठात अव्वल धावपटू घडवणारे प्रशिक्षक, पुढे नायकीच्या संस्थापकांपैकी एक. १९६२ साली ते न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकांकडे गेले होते. लिडियार्ड यांनी ऑकलंडमध्ये साध्यासुध्या लोकांचा धावण्याचा गट जमवला होता, त्यात वयस्कर होते, हृदयविकारातून उठलेलेही होते. एका सकाळी बॉवरमनही त्यांच्याबरोबर निघाले. वय एक्कावन्न. थोड्याच वेळात गट पुढे गेला आणि हे मागे राहिले, धापा टाकत. त्यांच्या सोबतीला मागे कोण थांबलं, तर सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, ज्यांना हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. ते गप्पा मारत बरोबर धावले. ज्याने उभं आयुष्य इतरांना पळायला शिकवलं त्याला त्या दिवशी कळलं की नवख्याला काय होतं. घरी परतल्यावर त्यांनी आपल्या गावात सर्वसामान्यांसाठी सावकाश धावण्याचे वर्ग सुरू केले आणि अमेरिकेत जॉगिंगची लाट यायला त्याचा मोठा हातभार लागला. मला या गोष्टीत बॉवरमनपेक्षा ते आजोबाच जास्त आवडतात. त्यांना पुढे जाता येत होतं, तरी ते मागे राहिले.

उत्साहाबद्दल मात्र माझं मत जरा खडूस आहे. तो टिकत नाही. माझाही टिकलेला नाही. शनिवारी गजर वाजतो तेव्हा नऊ वर्षांनंतरही मला पहिल्यांदा वाटतं ते हेच, की आज पाऊस असता तर बरं झालं असतं. मी येते, कारण टेल वॉकरचं जॅकेट माझ्या घरी असतं आणि मी नाही गेले तर ते जाणार नाही. इतकं साधं आहे. ज्याला आपली वाट बघणारं काही काम असतं तो येतो, नुसत्या उत्साहावर निघणारा तिसऱ्या शनिवारी गळतो. तू गळलास, त्यात तुझा काही दोष नाही. तुला कुणी कामच दिलं नव्हतं, ही आमची चूक.

आणखी एक. फोनमधलं ते सगळ्यांच्या धावण्याच्या वेळा दाखवणारं अॅप दोन महिने बंद ठेव. तुझ्या कॉलेजातला मित्र २४ मिनिटांत पाच किलोमीटर धावतो हे तुला शनिवारी दुपारी कळून काय उपयोग आहे? पार्करनने तर २०२४ मध्ये वेगवान धावपटूंचे विक्रम आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले, नवख्यांना दडपण येतं म्हणून. त्यावर बरीच बोंबाबोंब झाली, आणि बोंब मारणाऱ्यांचंही मला थोडं पटतं. वेगाने धावणाऱ्यालाही कौतुक हवंच असतं. पण तुझ्यापुरतं सांगायचं तर दोन महिने वहीत फक्त तारीख लिही आणि शेजारी एक ओळ. ‘तळ्यापर्यंत न थांबता.’ ‘कुत्रा मागे लागला.’ ‘काकूंनी फार बोअर केलं.’ वेळ लिहू नकोस.

तू पुढे वेगवान होशीलच असं मी सांगणार नाही. मीही झाले नाही. ५२ची ३६:४० पर्यंत आले एका थंडीत, आता परत ४१च्या आसपास आहे, आणि यापुढे ती वाढतच जाणार. तू तरुण आहेस, तुझी बरीच कमी होईल असं मला वाटतं. नाही झाली तर मागे मला सोबत.

टाळ्यांचं तू काही लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की तेही खुपलं असणार. शेवटच्या माणसासाठी लोक जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवतात आणि ‘शाब्बास, जवळ आलं’ म्हणून ओरडतात. मलाही सुरुवातीला ते शाळेत नापास मुलाला दिलेल्या उत्तेजनार्थ बक्षिसासारखं वाटायचं. मग एकदा मी स्वतः रेघेवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. हात बधिर झाले होते, थंडी होती, आणि लांबून शेवटची बाई दिसली तेव्हा मला जो आनंद झाला त्यात कीव नव्हती. आता टेबल उचलता येईल हा आनंद थोडा होता, ते कबूल करते.

तर येत्या शनिवारी धावू नकोस. धावायचे बूट घालून ये, पण माझ्याबरोबर शेवटी चालत फेरी मार. रस्त्यावर वाट दाखवणारे बारा शंकू असतात, ते गोळा करत यायचं असतं. एकात एक घातले की अर्ध्या वाटेत जड होतात आणि माझा खांदा हल्ली ऐकत नाही. सातव्या नंबरचा शंकू मोठ्या झाडाच्या मागे ठेवतात, तो दरवेळी राहून जातो आणि मग कुणाला तरी परत जावं लागतं. तो तू लक्षात ठेव. आणि फाटकापाशी एक शंकू ठेवायला हवा असं मला आता वाटायला लागलंय.

तुझी,
शेवटच्या टोकाची काकू