पाणी-प्रश्न

प्रश्न : 150 फुटांची बोअर आटली. 300 फुटांपर्यंत नेऊ का? कर लागेल?

उत्तर : नेऊ नका. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 मध्ये शेतीच्या विहिरीला, म्हणजे बोअरलाही, 60 मीटरची, म्हणजे सुमारे 197 फुटांची मर्यादा आहे. अधिसूचित (सरकारने भूजलासाठी जाहीर केलेल्या) क्षेत्रातल्या त्याहून खोल जुन्या विहिरींच्या उपशावर उपकराची तरतूद आहे. बोअरची गाडीवाला ‘सगळं चालतं’ म्हणेलच. त्याचा हिशेब फुटावर! त्याच्या रिगची (बोअर खोदायच्या यंत्राची) नोंदणी आधी तपासा.

शिवाय बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत असतं. खाली कोरडी भेग लागली, तर वरचं पाणीही तिच्यात उतरतं आणि शेजारची विहीरही आटते. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत 500 मीटरच्या आत असेल, तर परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअरही घेऊ नका.