डोळा चुकवून निघताना

बालगृहांत आणि वसतिगृहांत काम करणाऱ्या काळजीवाहकांशी समुपदेशक म्हणून बोलताना एक चिंता माझ्या कानावर पुन्हा पुन्हा येते, आणि ती बहुधा कुजबुजत्या स्वरातच मांडली जाते. ‘मुलांना जीव लावायचा की नाही, तेच कळत नाही. लावला तर मूल आपल्यालाच धरून बसते, आपण सुट्टीवर गेलो की गोंधळ घालते, आणि कधीतरी बदलीचा नाहीतर घरी पाठवण्याचा आदेश येतोच. मग त्याचेही हाल आणि आपलेही. त्यापेक्षा जेवण, अभ्यास, औषध वेळेवर द्यावे आणि चार हात लांब राहावे, हे बरे नाही का?’ नव्याने रुजू झालेल्यांना हाच सल्ला जुन्या सहकाऱ्यांकडून मिळतो. त्यात कोरडेपणा नसतो. उलट ज्यांनी एकेकाळी फार जीव लावला आणि ज्यांना त्याचा त्रास झाला, तीच माणसे तो देतात, त्यामुळे तो खोडून काढणे अवघड जाते. मला मात्र तो सल्ला मुळातच चुकीचा वाटतो, आणि तसे का वाटते हे बालगृहातल्या एका काळजीवाहक मावशींच्या आणि एका मुलाच्या निमित्ताने मांडतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटी थोडक्यात सांगितल्या आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा होता. एका रेल्वे स्थानकावर तो एकटा सापडला. पोलिसांनी त्याला अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर हजर केले आणि समितीच्या आदेशाने तो बालगृहात आला. सुरुवातीला त्याने कुणालाही त्रास दिला नाही. तो रडत नसे, काही मागत नसे, ताटात पडेल ते खात असे, आणि त्यामुळे ‘लवकर रुळला’ असा शेरा त्याच्या नोंदीत पडला होता. पुढे त्याच्या खोलीची जबाबदारी असलेल्या मावशींनी त्याच्याकडे विशेष लक्ष द्यायला सुरुवात केली. त्या पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या आणि मुलांमध्ये रमणाऱ्या होत्या. काही महिन्यांनी तोच मुलगा त्यांना चावू लागला, त्यांचा डबा फेकू लागला, रात्री जागा राहून त्यांच्या पदराचे टोक मुठीत धरू लागला. इतर कुणाच्या वाटेला तो जात नव्हता. मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या मनगटावर दातांचे वण होते आणि त्यांना खोली बदलून हवी होती.

‘सगळे म्हणतात, तुम्हीच लाडावून ठेवलाय,’ त्या म्हणाल्या. ‘आधी किती शांत होता. माझ्यामुळेच बिघडला असेल तर मी बाजूला होते.’

मी खोलीची नोंदवही मागवून घेतली. काळजीवाहकांच्या वहीत किती मोलाची माहिती पडून असते, याची कल्पना त्या लिहिणाऱ्यांनाही नसते. चावणे, फेकाफेक आणि अंथरूण ओले होणे यांच्या तारखा मावशींच्या हजेरीपटाशेजारी ठेवल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक प्रसंग त्यांच्या साप्ताहिक सुट्टीनंतर त्या परतल्याच्या दिवशी घडलेला दिसला. ज्या दिवशी त्या नसत त्या दिवशी तो शांत असे. ज्या दिवशी त्या येत त्या दिवशी त्यांनाच मारत असे.

‘सुट्टीवर जाताना त्याला सांगता का?’ असे मी विचारले.

‘नाही. सांगितले की रडतो. रात्रपाळी संपली की पहाटे सगळी झोपेत असतात, तेव्हाच निघते.’

मुलाशी बोलताना मी कारणे विचारण्याच्या भरीला सहसा पडत नाही, कारण नऊ वर्षांच्या मुलाला ‘असे का वागतोस’ याचे उत्तर देता येत नाही आणि तो प्रश्न त्याला उलटतपासणीसारखा वाटतो. आम्ही चित्रे काढत होतो. त्याने एक ट्रॅक्टर काढला, मागे दोन ट्रॉल्या जोडल्या, आणि कुठलाही प्रश्न नसताना म्हणाला, ‘मावशी मी झोपलो की जाते.’ मी फक्त, ‘आणि ट्रॅक्टर?’ एवढेच म्हणालो. बराच वेळ चाके रंगवून झाल्यावर तो म्हणाला, ‘तोपण.’

त्या एका शब्दाने आमच्या सगळ्या कामाची दिशा ठरली. त्याचे आईवडील ऊसतोडीला जाणारे होते. दसरा-दिवाळीनंतर मुकादम टोळ्या घेऊन निघतो, गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, माणसे कारखान्याच्या परिसरात कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात, आणि अनेक लेकरे गावी आजी-आजोबांपाशी राहतात. त्या वर्षी या मुलाला आजीपाशी ठेवायचे ठरले होते. तो मागे लागेल म्हणून पहाटे तो झोपेत असतानाच ट्रॅक्टर हलला होता. उठल्यावर घर रिकामे दिसले. काही दिवस त्याने वाट पाहिली आणि मग तो त्यांना शोधायला निघाला. कोणता कारखाना, कोणती दिशा, हे त्याला कुणीच सांगितलेले नव्हते.

मूल आणि त्याचे जवळचे माणूस यांच्या नात्याचा अभ्यास करणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांच्या परंपरेत वाढलेला मी समुपदेशक आहे आणि माझा कल लपवण्याचे मला कारण वाटत नाही. रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक माहितीपट लोकांसमोर आणला. त्यात दोन वर्षांची एक मुलगी शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस आईवाचून रुग्णालयात राहते. त्या काळी ब्रिटनमधील रुग्णालयांत पालकांच्या भेटींवर कडक बंधने होती, कारण आई आली की मूल रडते आणि आई नसली की ‘शहाण्यासारखे’ राहते, असा परिचारिकांचा प्रामाणिक अनुभव होता. रॉबर्टसन यांनी दाखवून दिले की मूल आधी आकांत करते, मग खचते, आणि शेवटी कुणाकडून काही मिळेल ही अपेक्षाच सोडून देते. ही तिसरी अवस्था बाहेरून समजूतदारपणासारखी दिसते. पुढे १९५९ साली तिथल्या शासकीय समितीने पालकांना मुक्तपणे भेटू देण्याची शिफारस केली. आपल्या बालगृहांतील ‘लवकर रुळला’ या शेऱ्यावर मी नेहमी थांबतो तो यामुळेच. आपल्या माणसांपासून तुटलेले मूल पहिल्याच आठवड्यात निमूट झाले असेल, तर त्याची चिंता अधिक करायला हवी. या मुलाने मावशींना चावायला सुरुवात केली, याचा अर्थ त्याने अपेक्षा करायला पुन्हा सुरुवात केली होती.

हे मी मावशींना सांगितले तेव्हा त्या आधी गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी जाताना त्याला उठवून सांगायचे? अख्खी खोली डोक्यावर घेईल तो.’

‘पहाटे नको, आदल्या संध्याकाळी सांगा. कुठे जाणार, तुमच्या जागी कोण असेल, परत केव्हा येणार, एवढेच. आणि तो रडला तर रडू द्या.’

‘त्याचे रडू मला ऐकवत नाही हो.’

हे त्या सहज बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. डोळा चुकवून निघण्यामागे मुलाचे रडणे वाचवण्याचा हेतू असतो, असे आपण सगळेच मानतो. परंतु आपण गेल्यावर मूल रडतेच. ते फक्त आपल्यासमोर रडत नाही. निरोपाचा त्रास टळतो तो निघणाऱ्या मोठ्या माणसाचा, आणि मुलाला मात्र एक नवी भीती मिळते, की डोळा लागला तर माणूस नाहीसे होते. मग ते मूल झोपायलाच तयार होत नाही आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. मावशींना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. ‘म्हणून पदर धरून ठेवतो काय तो रात्रभर,’ त्याच म्हणाल्या.

पहिल्या निरोपाच्या वेळी जे व्हायचे ते झालेच. तो फाटकापाशी आडवा पडला, हातात येईल ते भिरकावले, आणि अधीक्षिकांनी मला फोन करून ‘हा प्रयोग पुरे’ असे सुचवले. मी त्यांना एवढेच विनवले, की मावशींनी दिलेली वेळ पाळली जाते की नाही, हे मुलाला एकदा तरी पाहू द्यावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत परतीच्या तारखेभोवती मुलाने स्वतः खूण केली होती. मावशी त्या तारखेला आल्या. पुढच्या खेपेलाही आल्या. त्यानंतर एकदा त्यांची एसटी चुकली.

त्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मावशींनी पाचला येते असे सांगितले होते. गाडी चुकल्याचे लक्षात येताच त्यांनी स्थानकावरून कार्यालयात फोन केला आणि ‘त्याला बोलावून घ्या, मला त्याच्याशीच बोलायचे आहे’ असा आग्रह धरला. लिपिकाने ‘मी सांगतो त्याला’ म्हटले, तरी त्या अडून राहिल्या. मुलाला त्यांनी स्वतः सांगितले, की गाडी चुकली आहे, आता सहा वाजतील, जेवायला मी असेन. त्या पोहोचल्या तेव्हा तो फाटकापाशी उभा होता. त्याने चावा घेतला नाही, काही फेकले नाही. कमरेवर हात ठेवून तो म्हणाला, ‘सहा म्हणाली होतीस. सव्वासहा झाले.’

मावशींना वाटले, हा आता उलटून बोलायलाही लागला. मला त्या वाक्याचा जितका आनंद झाला तितका कुठल्याही गुणपत्रिकेचा झाला नसता. जो राग आजवर दातांतून बाहेर पडत होता, तो आता शब्दांत आला होता, आणि ज्याच्याकडे जाब मागता येतो असे एक माणूस आपल्याला आहे, हे त्या मुलाने गृहीत धरले होते. जाब मागायला भरवसा लागतो. मावशींनी त्याला सांगितले, ‘बरोबर आहे, उशीर झाला,’ आणि दोघे जेवायला गेले. त्या रात्री तो त्यांच्या आधी झोपला.

जवळीक वाढली की वागणे आधी बिघडते, हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉईड आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी घर सुटलेल्या मुलांसाठी निवासी बालकगृहे चालवली. तिथे त्यांनी मुलांचे लहान ‘कुटुंबगट’ केले आणि प्रत्येक गटासाठी एक ठरलेली काळजीवाहक नेमली. आधी सर्वांशी सारखेच वागणारी मुले लगेच मत्सर करू लागली, हट्ट आणि रडारड वाढली, आणि हळूहळू तीच मुले अधिक मोकळी होऊन वाढीला लागली. तेव्हा ‘माझ्यामुळे बिघडला’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक काळजीवाहकाला माझे सांगणे असते, की कुणाजवळ आणि केव्हा बिघडतो ते आधी पाहा. फक्त तुमच्याजवळ बिघडत असेल, तर तुम्ही त्याच्या लेखी कुणीतरी झाला आहात.

याचा अर्थ चावा सहन करत राहावे असा नाही. मावशी त्याचा हात धरून ठाम आवाजात ‘चावायचे नाही, रागावलास ते सांग’ म्हणत, आणि मला तेवढे पुरेसे वाटते. संस्थेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी, जे मूल ‘हे माणूस टिकते का’ याची परीक्षा घेते आहे, त्याला मार देणे म्हणजे त्या परीक्षेत स्वतःहून नापास होणे आहे.

संस्थांनी काय करावे, याविषयी माझा आग्रह अगदी साध्या गोष्टींचा आहे. कोणती मावशी कोणत्या दिवशी असणार, हे मुलांच्या उंचीवर, चित्रांसह, भिंतीवर लावावे. पाळी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघी काही मिनिटे मुलांसमोर एकत्र असाव्यात. प्रत्येक मुलाचा जो वैयक्तिक काळजी आराखडा कायद्याप्रमाणे तयार होतो, त्यात हे मूल कुणाकडे धाव घेते त्या व्यक्तीची नोंद असावी, आणि खोल्या बदलताना ती नोंद वाचली जावी. कर्मचारी कमी आहेत, एकेका मावशीकडे मुले फार आहेत, ही अडचण खरी आहे आणि ती शासनाने सोडवायची आहे. पण निरोप घ्यायला वाढीव पद लागत नाही. वाढदिवस साजरा करायला येणाऱ्या पाहुण्यांनाही मी कळकळीने सांगतो, की ‘पुन्हा नक्की येऊ’ हे वाक्य तारीख ठरली नसेल तर उच्चारू नका. तुम्ही ते शिष्टाचार म्हणून बोलता आणि मुले फाटकाकडे पाहत बसतात.

आता राहिला तो सर्वांत कठीण निरोप. बालगृह हा शेवटचा पर्याय आहे आणि मूल शक्यतो कुटुंबात परत जावे, हे कायद्याचे तत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. मुलाला जीव लावला तर त्याला घरी जाणे जड जाईल, असे त्यामुळे म्हटले जाते. माझा अनुभव उलट आहे. ज्या मुलाने एका माणसावर भरवसा ठेवून पाहिला, ते दुसऱ्यावरही ठेवू शकते. जड जाते ते आदल्या दिवशी आदेश कळून दुसऱ्या दिवशी गाडीत बसवलेल्या मुलाला. या मुलाच्या आजीचा पत्ता लागला, घरची चौकशी झाली, आणि समितीच्या अंतिम आदेशाआधीच मावशींनी त्याला तयार करायला सुरुवात केली. आजी भेटीला आली तेव्हा त्या तिच्याशेजारी बसल्या, त्याच्या जेवणाच्या, झोपेच्या आणि भीतीच्या गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या, आणि मुलाला स्पष्ट सांगितले, की मी इथेच असेन, रोज भेटणार नाही, पंधरा दिवसांनी रविवारी आजीच्या फोनवर बोलेन. संस्थेच्या परवानगीने त्या बोलल्याही.

पुढच्या हंगामाचा प्रश्न उरला होता. वडिलांना फोनवर गाठून मी त्यांना कारखान्याचे नाव, जाण्याची तारीख आणि परतण्याचा महिना मुलाला आधी सांगायची विनंती केली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘सांगतो की. पण ट्रॅक्टर पहाटे तीनला निघतो साहेब, तवा तो झोपेत असतो.’

‘उठवा,’ मी म्हणालो.