भुलीचं इंजेक्शन घेतल्यावर तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना. डॉक्टर चुकले का? दाढ पुन्हा त्यांच्याकडेच काढावी का?

‘घरचे म्हणतात वारं गेलं’ हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. वारं नाही हो ते. भूल शेजारच्या घरात शिरली, एवढंच.

माझी उजवी खालची अक्कलदाढ. सातारा, 2016 चा मे, नणंदेचा साखरपुडा चार दिवसांवर. डॉक्टर मॅडमनी अकराच्या सुमारास इंजेक्शन दिलं. एरवी पाच-सात मिनिटांत खालचा ओठ जाड होतो, अर्धी जीभ झोपते. माझा ओठ ठणठणीत, दाढ ठणकतेच आहे आणि उजवा डोळा मिटेना. चूळ भरली तर पाणी थेट ओढणीवर. मॅडम म्हणाल्या, भुवया उचला. डावी उठली, उजवी जागच्या जागी.

त्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. पण बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, सुई जास्त मागे गेली. ती जबड्याच्या हाडाला टेकायला हवी, मगच औषध सोडायचं. हाडाच्या मागच्या कडेला लाळेची ग्रंथी असते, गालफुगीत सुजते तीच. चेहरा हलवणारी नस तिच्यातूनच फांद्या फुटून पुढे जाते. औषध तिथं सांडलं आणि दाताची नस कोरडीच राहिली. म्हणून दाढ जागी आणि गाल झोपलेला. आज दाढ काढायची नाही म्हणाल्या. डोळ्यात थेंब घातले, पापणी खाली ओढून कागदी चिकटपट्टी लावली, तासभर समोर बसवून ठेवलं. भूल उतरेल तसा चेहरा जागेवर येईल, काही तास लागतील, असं दोनदा सांगून मगच सोडलं.

घरी आले तर सासूबाई रडायलाच लागल्या. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, हे वाऱ्याचंच आहे, डॉक्टर काय सांगणार?” आणि गाडीला किक मारून गेले. दीड वाजता पिशवीत कबुतर घेऊन हजर. ताजं रक्त चोळायचं, गरम असतानाच.

मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. हे मुद्दाम लिहितेय, कारण लाज तिथंच आहे. मी ‘नको’ म्हणाले, पण अर्ध्या तोंडाने म्हटलेलं ‘नको’ कोणी ऐकत नाही. त्याआधी मोरीत तोंड धुताना पट्टी सुटली होती, तेव्हा आरशात पाहिलं होतं, पापणी अर्ध्यावर उतरत होती. तसं सांगितलंही. तरी अंगणात पाट मांडून मला बसवलं, आणि मी बसले. अडीचला डोळा पूर्ण मिटला. आणि आज इतक्या वर्षांनी प्रत्येक लग्नकार्यात भाऊजी सांगतात, “वहिनींचं तोंड माझ्या कबुतरानं सरळ केलं.”

भाऊजी, हिशेब करा. लिग्नोकेन या भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनालिन घातलेलं असलं की ओठ-गालावर ती भूल साधारण तीन ते पाच तास टिकते. अकराला टोचलं, अडीचला उतरलं. तुम्ही पिशवीतून कोथिंबीर आणली असती तरी अडीचलाच उतरलं असतं. आपोआप येणारा चेहऱ्याचा लकवा म्हणतात ना, त्यातसुद्धा दहातले सातेक जण औषधाशिवाय पूर्ण बरे होतात, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. मग ज्याच्याकडे शेवटचं गेलो, त्याचं नाव होतं. गावोगावचे वाऱ्यावाले त्यावरच जगतात. मेलं ते कबुतर फुकट.

तुमचा प्रश्न राहिलाच. डॉक्टर चुकले का? सुई चुकली, हो. पण जबड्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी, अंदाज थोडासा चुकला तरी असं होतं, आणि चांगल्या हाताकडूनही होतं. मी माणूस पारखते तो त्यानंतर काय केलं यावरून. समोर बसवून समजावलं असेल तर तिथंच जा. ‘काही नाही, घरी जा’ म्हणून फाटक लावलं असेल तर दुसरा बघा. मी साखरपुडा उरकून त्याच मॅडमकडे गेले, दाढ वीस मिनिटांत बाहेर.

आता एक गोष्ट, जी खरं तर आधी लिहायला हवी होती. तोंड किती वेळात वाकडं झालं आणि किती वेळ तसं राहिलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझं लगेच झालं आणि त्याच दिवशी गेलं. काहींना इंजेक्शननंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं. तो प्रकार वेगळा, त्याला आठवडे लागतात, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या द्यायच्या असतील तर त्या पहिल्या 72 तासांत सुरू झालेल्या बऱ्या, म्हणून थांबू नका. आणि हात-पाय जड वाटत असेल किंवा शब्द सापडत नसतील तर हे उत्तर वाचत बसू नका, तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

तोवर डोळा उघडा ठेवून स्कूटरवर जाऊ नका, धुळीनं बुबुळाला ओरखडा पडतो. लेन्स असेल तर काढा. चिकटपट्टी मात्र हळू सोडवा, माझ्या पापणीचे निम्मे केस तिच्याबरोबर गेले होते आणि साखरपुड्याच्या फोटोत ते दिसतं.