स्नोबोर्डिंग शिकायचंय, हजार डॉलरमध्ये सगळं सामान येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला येऊन वर्ष होत आलं, ऑफिसातली मंडळी हिवाळाभर दर शनिवारी डोंगरातल्या स्नोक्वाल्मी पास या खिंडीत जातात, यंदा तुम्हालाही स्नोबोर्डिंग शिकायचंय आणि त्यासाठी हजार डॉलर बाजूला काढलेत. बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डाला बांधणारी पट्ट्यांची जोडणी) आणि बूट असा तिन्हींचा सेट ऑनलाइन साडेचारशेला दिसतोय, तो घेऊन टाकावा का? उंची पाच फूट आठ इंच, वजन ७२ किलो, बुटाचा नंबर ९.

सेट घेऊ नका. हजार डॉलर पुरतात, पण ते कुठल्या क्रमाने खर्च करता यावर सगळं आहे, आणि त्या क्रमात बोर्ड शेवटी येतो. दुकानात शिरलं की नजर आधी बोर्डांच्या भिंतीकडे जाते, कारण चित्रं तिथे असतात. तुम्ही आधी पायातलं बघा, पायाखालचं नंतर. मी रेंटनला राहते, याच पासवर शिकले आणि आता दर हिवाळ्यात कोणा ना कोणा नवशिक्याला घेऊन जाते, त्यामुळे पुढचं सगळं इथल्या बर्फापुरतं आहे.

पहिल्या फेरीला बोर्ड, बाइंडिंग, बूट सगळं भाड्याने घ्या. पासवरच्या ‘समिट’ या स्की रिसॉर्टला नवशिक्यांसाठी लेसन, रेंटल आणि लिफ्टचं (उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांचं) तिकीट असं एकत्र पॅकेज मिळतं, तिन्ही सुटं घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आधी ऑनलाइन बुक करा, शनिवारी सकाळी रांगेत उभं राहून मिळेल या भरवशावर राहू नका. जमत असेल तर जानेवारीत आठवड्याच्या मधला वार धरा. जानेवारी हा अमेरिकेत स्की आणि स्नोबोर्ड शिकण्याचा महिना म्हणून साजरा होतो आणि बऱ्याच ठिकाणी सवलती असतात. लेसनचे पैसे वाचवायचा मोह होईल, कारण ‘आम्ही शिकवतो ना’ म्हणणारा एक तरी सहकारी प्रत्येक ऑफिसात असतोच. तो तुम्हाला लिफ्टने वर नेईल, ‘गुडघे वाकव आणि घाबरू नकोस’ एवढं सांगेल आणि खाली निघून जाईल. त्यातही कोणी अल्पेंटलला चल म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ते समिटचाच भाग असलं तरी तिथले उतार कसलेल्यांसाठी आहेत.

डावा पाय पुढे ठेवून जमतं की उजवा, म्हणजे तुम्ही रेग्युलर की गूफी, हेही भाड्याच्या बोर्डावरच कळून जाईल. आणि खेळ आवडलाच नाही, तर साडेचारशेचं सामान गराजमध्ये धूळ खात पडणार नाही.

आता इथल्या बर्फाबद्दल. स्नोक्वाल्मी पासची उंची जेमतेम ३,००० फूट. पॅसिफिककडून येणारी दमट हवा कॅस्केड डोंगरांवर चढते, तापमान शून्याच्या आसपास घुटमळत असतं, त्यामुळे पडतं ते भुरभुरीत कोरडं बर्फ नसतं, जड आणि ओलं असतं. लोक त्याला कॅस्केड काँक्रीट म्हणतात. कित्येकदा तर चक्क पाऊसच. म्हणून युटा-कोलोरॅडोवाल्यांच्या खरेदीच्या याद्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. त्यांचं भांडण थंडीशी, आपलं ओलीशी.

त्यामुळे पैसे घालायची पहिली वस्तू म्हणजे पँट. हो, जॅकेटच्याही आधी. नवशिक्याचा निम्मा दिवस बर्फावर बसण्यात जातो: बाइंडिंग बांधायला बसायचं, पडलं की बसायचं, दम लागला की बसायचं. स्वस्त पँटमधून पाणी तासाभरात आत येतं आणि मग उरलेला दिवस तुम्ही शिकत नाही, सोसता. लेबलवर वॉटरप्रूफिंगचा, म्हणजे कापड पाण्याचा किती दाब सोसतं त्याचा, आकडा असतो. १०,००० मिलिमीटरवर कोरड्या प्रदेशात भागतं, इथे १५,००० ते २०,००० बघा आणि शिवणी ‘फुली टेप्ड’ आहेत का ते विचारा. ‘क्रिटिकली टेप्ड’ म्हणजे मोक्याच्या तेवढ्याच शिवणी आतून बंद केलेल्या, बाकीच्या उघड्या. छातीपर्यंत येणारी बिब मिळाली तर उत्तम, पडल्यावर कमरेतून बर्फ आत शिरत नाही. जीन्सचा विचारही नको.

जॅकेट बहुधा तुमच्याकडे आहेच. वर्षभर इथे राहिलात म्हणजे चांगलं रेन जॅकेट घेतलेलं असणार. ते ढगळ असेल तर आत फ्लीस घालून पहिला हिवाळा आरामात निघतो. अंगालगतचा कपडा सुती नको, मेरिनो किंवा पॉलिएस्टर. मोजे लोकरीचे, पातळ, आणि एकच जोडी. दोन जोड्या चढवल्या की बुटात घड्या पडतात, पाय आवळला जातो आणि उलट जास्त गार पडतो. पासला जाताना आय-९० हायवेवरच इसाक्वाचं कॉस्टको लागतं, हिवाळ्यात मोजे, थर्मल आणि कधीकधी बऱ्यापैकी स्नो पँटही तिथे स्वस्तात मिळतात.

हातमोज्यांबद्दल एक स्थानिक युक्ती. पोर्टलंडच्या किंको कंपनीचे डुकराच्या कातड्याचे, आत अस्तर असलेले हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. लिफ्टवर काम करणारे आणि स्की पट्रोलवाले तेच घालतात. मेण गरम करून चोळलं की पाणी धरत नाहीत. ब्रँडेड स्नोबोर्ड ग्लोव्हजच्या निम्म्या किमतीत काम होतं. कुठलेही घेतलेत तरी खिशात एक जास्तीची जोडी असू द्या, कारण नवशिका दर वेळी हात टेकूनच उठतो.

गॉगल घेताना काळी आरशासारखी काच टाळा. ती फोटोत झकास दिसते, पण इथे बहुतेक दिवस ढगाळ असतात आणि समिटला रात्रीही दिवे लावून उतार सुरू ठेवतात. पिवळट किंवा गुलाबी, कमी उजेडाची काच घ्या, साधारण निम्मा प्रकाश आत सोडणारी. पन्नास डॉलरमध्ये चांगला गॉगल येतो. हेल्मेट मात्र नवंच, कधीच सेकंडहँड नाही. आतल्या फोमने एकदा मार खाल्ला असेल तर ते बाहेरून दिसत नाही. आधी हेल्मेट बसवा, मग त्याला जुळणारा गॉगल, मध्ये कपाळ उघडं पडायला नको.

आणि एक वस्तू जी तुमचे सहकारी सांगणार नाहीत, कारण ते शिकले तेव्हाचं विसरलेत: मनगटाचे गार्ड. नवशिक्या स्नोबोर्डरच्या दुखापतींमध्ये मनगट सगळ्यात पुढे असतं, कारण दोन्ही पाय बांधलेले असताना तोल गेला की हात आपोआप पुढे जातो. त्याच्या जोडीला आतून घालायची गादीवाली शॉर्ट्स. माकडहाडावर एकदा आपटलात की सोमवारी खुर्चीत बसताना ती किती स्वस्त होती ते आठवेल. दोन्ही मिळून साठेक डॉलर.

दोन-तीनदा जाऊन आलात आणि अजून हौस टिकून असेल, तर बूट घ्या. हे दुकानात जाऊनच, आणि संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. बर्फावर घालणार ते मोजे सोबत न्या. विक्रेत्याला नंबर न सांगता पाय मोजायला सांगा. स्नोबोर्डचे बूट सेंटिमीटरमध्ये मोजले जातात, २७ सेंटिमीटर म्हणजे साधारण अमेरिकन ९, पण रोजच्या स्नीकरमध्ये ९ घालणाऱ्याचा पाय पुष्कळदा २६ किंवा २६.५ निघतो. बूट घालून टाच मागे दोनदा आपटा, मग बांधा. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकासा टेकला पाहिजे. गुडघे वाकवले की तो किंचित मागे सरकतो आणि मोकळा होतो. आता चवड्यांवर उभे राहा: टाच बुटाच्या तळावरून उचलली गेली तर तो बूट नको, कितीही मऊ वाटला तरी. बोर्ड वळतो टाच आणि चवडा यांच्या दाबावर. टाच आत सुटत असेल तर तुम्ही वळायचा हुकूम देता आणि बोर्डापर्यंत तो उशिरा पोचतो. बूट घालून दुकानातच वीस मिनिटं फिरा. दुखतंय कुठे, मुंग्या येतात का, बघा. वापरून आतलं अस्तर थोडं सैलावतंच, म्हणून दुकानात अगदी चपलेसारखा ऐसपैस वाटणारा बूट महिन्याभरात मोठा होतो. लेस की बोआची (फिरवून तार आवळणारी) चकती हा प्रश्न त्यापुढे गौण आहे. दोनशेच्या आसपास चांगला, मध्यम-मऊ बूट मिळतो.

साडेचारशेच्या सेटवर माझा आक्षेप इथेच आहे. बोर्ड ठीकठाक असेलही, पण किंमत खाली आणायला काटकसर बहुधा बुटात झालेली असते, आणि तो तुम्ही पायात न घालताच मागवणार.

बोर्डासाठी पहिल्या हिवाळ्यात सीझन रेंटल घ्या. बोर्ड, बाइंडिंग, बूट मिळून हिवाळाभरासाठी साधारण २०० ते ३०० डॉलर पडतात. स्वतःचे बूट असतील तर फक्त बोर्ड आणि बाइंडिंगचा भाव विचारा, काही दुकानं कमी करतात. डोंगरावर दर वेळी भाड्याने घेण्यापेक्षा हे चार-पाच फेऱ्यांत वसूल होतं आणि सकाळची रेंटलची रांग वाचते. विकत घ्यायचा तो मार्च-एप्रिलमध्ये, दुकानं माल काढून टाकतात तेव्हा. ३० ते ५० टक्के सूट सहज मिळते. मागच्या वर्षीच्या आणि यंदाच्या बोर्डात पुष्कळदा चित्रापलीकडे फरक नसतो.

तुमच्या मापाला काय? बोर्ड हनुवटी ते नाक एवढा हवा हा जुना ठोकताळा बाजूला ठेवा, बोर्डाला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. ७२ किलोला १५३ ते १५६ सेंटिमीटर. नंबर ९ च्या बुटाला नेहमीची रुंदी पुरते, वाइड बोर्ड ११ च्या पुढच्यांसाठी. फ्लेक्स, म्हणजे ताठरपणा, दहापैकी तीन-चार. आकार ट्विन (दोन्ही टोकं सारखी) किंवा डायरेक्शनल ट्विन (जवळजवळ तसाच, थोडा एका दिशेला झुकता). तळ सपाट किंवा दोन पायांमध्ये रॉकर (खालच्या बाजूला फुगवटा) असलेला हायब्रिड घ्या. पूर्ण कॅम्बर (मध्ये कमानीसारखा वर उचललेल्या) बोर्डाच्या कडा टोकांजवळ बर्फात चटकन रुततात आणि नवशिक्याला तोंडावर पाडतात. रॉकरचा हायब्रिड ज्यांनी गाजवला ते लिब टेक आणि नू हे दोन्ही ब्रँड आपल्याच वॉशिंग्टन राज्यात, सिक्विमजवळच्या कारखान्यात बोर्ड बनवतात. अर्थात तेवढ्यासाठी पहिलाच बोर्ड सहाशेचा घ्यायचं कारण नाही.

बाइंडिंग मऊ ते मध्यम, दीडशेच्या आसपास. बर्टनचा बोर्ड घेतलात तर त्याला भोकांऐवजी लांब खाच असते, बाइंडिंग तिच्यात बसतं का ते आधी विचारा. पट्ट्यांशिवाय खटकन बसणारी स्टेप ऑन पद्धत बघून हरखून जाल, पण तिला बूटही तिचेच लागतात, म्हणून आता नको.

सेकंडहँडची हरकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जागोजागी स्की स्वॅप, म्हणजे वापरलेल्या सामानाचे बाजार, भरतात. बोर्ड उलटा करून उजेडात तिरका धरा. वरवरचे ओरखडे चालतात, आतलं लाकूड दिसणारा खड्डा नको. लोखंडी कडेवरून नख सावकाश फिरवा: भेग किंवा फुगवटा लागला तर कड सुटतेय, ठेवून द्या. वरवरचा गंज घासून जातो.

आता हिशोब. पँट १२०, मोजे-थर्मल ५०, हातमोजे ४०, हेल्मेट ८०, गॉगल ५०, मनगट आणि शॉर्ट्स ६०, बूट २००. झाले ६००. त्यावर आपला साधारण दहा टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ६६०. उरलेल्या ३४० मध्ये पहिलं लेसन पॅकेज आणि फार तर बोर्डाचं सीझन रेंटल बसतं. बोर्ड यात नाही, तो पुढच्या एप्रिलच्या पैशांतून.

लिफ्टची तिकिटं मात्र हजारात धरू नका, ती वेगळी. तारीख आणि वार बघून भाव बदलतो, आधी ऑनलाइन घेतलेलं स्वस्त, रात्रीचं आणखी स्वस्त. शिवाय टायरच्या चेन (बर्फावर घसरू नये म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या) घ्याव्या लागतील, साठ ते शंभर डॉलर. पासवर चेनची पाटी लागली की पोलीस खरंच तपासतात, आणि ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी चेन डिकीत असाव्या लागतात. घरी पार्किंगमध्ये एकदा लावून बघा. पावसात, हायवेच्या कडेला, मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.