ई-रुपयाचा आराखडा करणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा दोनदा वाचला, एकदा गाडीत आणि एकदा घरी तांबडी पेन्सिल हातात घेऊन. ई-रुपयासारख्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या, किरकोळ वापराच्या डिजिटल चलनात खासगीपणा कसा राखावा, हा प्रश्न तू निवडलास याचे समाधान वाटले. पण ज्या प्रकरणाला तू ‘गोपनीयतेची हमी’ असे नाव दिले आहेस, त्याच प्रकरणावर माझ्या पेन्सिलीच्या सर्वांत जास्त खुणा आहेत. तू लिहितेस की प्रत्येक व्यवहाराची नोंद कूटबद्ध करून ठेवली जाईल आणि न्यायालयाच्या आदेशाखेरीज ती कोणालाही उघडता येणार नाही. म्हणजे आधी सगळे जमा करायचे आणि मग त्याला कुलूप लावायचे. कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ली कोणाच्या तरी कमरेला असतेच, आणि आज ती ज्याच्या कमरेला आहे त्याच्याच कमरेला उद्याही असेल, हे तुझा आराखडा कशाच्या बळावर सांगणार?

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पेमेंटच्या एका कंपनीत होतो. चाचणीसाठी आम्ही खऱ्या व्यवहारांची एक फाइल नावे आणि मोबाइल क्रमांक काढून वापरत असू, आणि ती निनावी आहे अशी आमची अगदी प्रामाणिक समजूत होती. एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्यातल्या काही ओळी माझ्यापुढे ठेवल्या: रोज सकाळी नऊच्या सुमारास स्टेशनबाहेर १२ रुपये, मंगळवारी संध्याकाळी एका दवाखान्यात ३०० रुपये आणि त्यानंतर दहा मिनिटांनी औषधांच्या दुकानात ४८७ रुपये. “हे तुम्हीच ना?” त्याने हसत विचारले. मीच होतो. माझा चहाचा ठेला त्याला माहीत होता आणि मंगळवारी मी लवकर निघतो हेही त्याने पाहिले होते. उरलेले काम रक्कम आणि वेळ या दोन रकान्यांनी केले. घरी न सांगितलेला आजार अशा रीतीने ऑफिसात कळला. तेव्हापासून ‘नाव काढले आहे’ या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि तुझ्या आराखड्यात ते चार ठिकाणी आले आहे.

कागदी नोटेचे वागणे आता नीट आठव. एटीएममधून तू दोन हजार काढलेस हे बँकेला ठाऊक असते. दुकानदाराने संध्याकाळी गल्ल्यातले किती पैसे खात्यात भरले, हेही त्याच्या बँकेला ठाऊक असते. मधला प्रवास मात्र कुठल्याही खतावणीत येत नाही. नोटेवर क्रमांक छापलेला असतो, पण तो क्रमांक कोणाच्या हाती गेला याची कीर्द कोणी लिहीत नाही. खासगीपणा इथे कोणी पाळत नसतो. मोडण्याजोगे काही लिहिलेलेच नसते. तुझ्या चलनाला हीच अवस्था गाठायची आहे, आणि ती गाठता येते हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्येच दाखवले आहे.

त्यांची अंध स्वाक्षरीची कल्पना तू एका ओळीत उरकली आहेस, तिला निदान दोन पाने दे. समज, तू एका कागदावर स्वतःच निवडलेला एक लांबलचक क्रमांक लिहिलास, त्यावर कार्बन पेपर ठेवलास आणि दोन्ही पाकिटात घालून पाकीट चिकटवलेस. बँक तुझ्या खात्यातून शंभर रुपये वजा करते आणि बंद पाकिटावर सही करते. ती सही कार्बनमधून आतल्या कागदावर उमटते. घरी येऊन तू पाकीट फाडतेस. आता तुझ्या हातात बँकेची सही असलेला कागद आहे, पण त्यावरचा क्रमांक बँकेने कधीच पाहिलेला नाही. गणितात पाकिटाची जागा एका यादृच्छिक संख्येचा गुणाकार घेतो, आणि सही होऊन आल्यावर त्याच संख्येचा भागाकार केला की पाकीट उतरते, सही शाबूत राहते. आत काय लिहिले आहे हे बँकेला कळण्याची गरजही नसते, कारण किंमत कागदावर नसून शिक्क्यात असते: शंभराची सही करण्याची किल्ली, म्हणजे बँकेची गुप्त संख्या, वेगळी, पाचशेची वेगळी. दुकानदार तो कागद लगेच बँकेकडे पाठवतो, आणि बँक दोनच गोष्टी तपासते, सही आपली आहे का आणि हा क्रमांक आधी येऊन गेला आहे का. खर्च झालेल्या क्रमांकांची यादी बँकेकडे राहते, खर्च करणाऱ्यांची राहत नाही.

चॉम यांनी या कल्पनेवर अॅमस्टरडॅममध्ये डिजिकॅश नावाची कंपनी उभी केली, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या मार्क ट्वेन बँकेने तिचे चलन देऊ केले, आणि १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. (गणिताचा दोष नव्हता, गिऱ्हाईक दुकानांची आणि दुकाने गिऱ्हाइकांची वाट पाहत बसली.) तीच कल्पना मध्यवर्ती बँकेच्या चलनाला कशी लावावी, हे चॉम, क्रिस्टियान ग्रोटॉफ आणि थॉमस मोझर यांनी २०२१ मध्ये स्विस नॅशनल बँकेच्या एका अभ्यासनिबंधात मांडले, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय समझोता बँकेच्या (मध्यवर्ती बँकांच्या बँकेच्या) स्वित्झर्लंडमधल्या केंद्राने ‘टूर्बियाँ’ या प्रकल्पात तशी नमुना-प्रणाली बांधूनही पाहिली. तुझ्या संदर्भांत मला यांपैकी काहीच दिसले नाही.

या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय गणिताचा नाही: देणारा झाकलेला राहतो, घेणारा राहत नाही. दुकानदाराला पैसे खात्यात जमा करून घ्यावे लागतात, त्यामुळे त्याची मिळकत दिसते. ती कोणाकडून आली, एवढे दिसत नाही. १९९२ मध्ये फॉन सोल्म्स आणि नाकाश या संशोधकांनी दाखवून दिले होते की अंध स्वाक्षरीच्या चलनाने खंडणीखोराला पकडलेच न जाणारा गुन्हा करता येईल, आणि घेणारा दिसत राहिला की अशा गैरवापराची भीती काहीशी कमी होते. मला तो पटतो, पण त्याची किंमत आराखड्यात उघडपणे लिही. २०२५ च्या जुलैमध्ये यूपीआयवरच्या जमा रकमा पाहून कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळूरमधल्या अनेक टपऱ्यांवरून क्यूआर कोड उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. भाजीवालीला तुझे चलन याच कारणासाठी नको असू शकते, आणि तिचे म्हणणे ‘करचुकवेगिरी’ या एका शब्दात गुंडाळून चालणार नाही.

आता माझ्या त्या ४८७ रुपयांकडे परत येतो, कारण सही अंध असली तरी रक्कम डोळस असते. तुझ्या वॉलेटने, म्हणजे फोनमधल्या पैशांच्या अॅपने, दुकानात उभे राहून, देण्यापुरते म्हणून बरोबर ४८७ रुपये सहा वाजून दोन मिनिटांनी बँकेतून काढले आणि दुकानाच्या खात्यात ४८७ रुपये सहा वाजून तीन मिनिटांनी आले, तर पाकीट, कार्बन आणि गुणाकार सगळे फुकट गेले. म्हणून वॉलेटने पैसे आधीच आणि ठोक रकमेत काढून ठेवावेत, नाणी, म्हणजे बँकेची सही असलेले ते कागद, मोजक्याच मूल्यांची असावीत, म्हणजे प्रत्येक नाणे तशाच लाखो नाण्यांच्या गर्दीत हरवेल. ई-रुपयाची नाणी कागदी नोटा आणि नाण्यांच्याच मूल्यांत निघतात, ती सोय तुला आयती मिळालेली आहे. सुट्या पैशांचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. शंभरातले अठरा देऊन उरलेले ब्याऐंशी तसेच वापरत राहिलीस, तर एकाच नाण्याच्या धाग्याने तुझी दोन दुकाने जोडली जातात. उरलेली रक्कम नव्या, आधीच्या नाण्याशी न जोडता येणाऱ्या नाण्यांत बदलून घ्यावी लागते. ग्रोटॉफ यांच्या टालर या, अंध स्वाक्षरीवरच बेतलेल्या पेमेंट प्रणालीत हा बदल करताना वॉलेटला नव्या नाण्यांचे तीन संच तयार करावे लागतात आणि बँक त्यांतले कोणतेही दोन उघडून पाहते. बदलून घेण्याच्या निमित्ताने पैसे गुपचूप दुसऱ्याच्या नावे सरकवणारा तीनपैकी दोन वेळा सापडतो आणि ती रक्कम गमावतो. हा भाग हातांनी सोडवून पाहा. मला तो कळायला तीन संध्याकाळी लागल्या होत्या.

मर्यादेविषयी तू लिहिलेले मात्र मुळातून बदल. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२२ मधल्या संकल्पना-टिपणात लहान व्यवहारांना रोखीसारखी वाजवी अनामिकता असावी, हा विचार आहे. चीनही लहान रकमा अनामिक आणि मोठ्या रकमा माग काढता येण्याजोग्या, असे म्हणतो. तिथे सर्वांत छोटे वॉलेट नुसत्या मोबाइल क्रमांकावर उघडते, पण ओळखपत्राशिवाय सिम कार्ड मिळत नाही. तू हाच सूर धरून दरमहा दहा हजारांपर्यंत निनावी खर्चाची मुभा दिली आहेस. दहा हजार झाले, हे मोजणार कोण? जो मोजेल त्याला प्रत्येक खर्च दिसलाच पाहिजे, आणि मग निनावीपणा ही त्याची मेहेरबानी ठरते. मर्यादा घालायची तर पैसे काढताना आणि जमा करताना घाल, जिथे ओळख आधीपासून आहे. रस्त्यावर नाका बसवू नकोस. दोन लाख आणि त्यावरची रक्कम एका दिवशी एका व्यक्तीकडून रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची बंदी आहे, तिचे बंधनही घेणाऱ्यावर आहे.

नेटवर्कशिवायच्या व्यवहारांवर तू बराच जोर दिला आहेस. सध्या त्याला एक परिशिष्ट पुरे. बँकेला विचारता येत नसेल, तर तेच नाणे दोन ठिकाणी खपवणाऱ्याला थांबवण्यासाठी फोनमधल्या चिपवर विसंबावे लागते, किंवा दुबार खर्च करणाऱ्याची ओळख मागाहून उघड होईल अशी रचना करावी लागते. दोन्ही मार्गांत थोड्या रकमेपलीकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. अमुकच कामाला चालेल अशा अटींचे चलन तर मूळ आराखड्यातून काढूनच टाक. नाण्याला अट लक्षात ठेवायला लावली की ते वापराचाही हिशेब ठेवू लागते.

आजच्या सह्यांचे गणित क्वांटम संगणक मोडेल, ही भीती तू शेवटी घातली आहेस, पण ती दोन भागांत तोडून लिही. आरएसए या प्रचलित गणिती पद्धतीवर बेतलेल्या अंध स्वाक्षरीत पाकिटाची यादृच्छिक संख्या तू फेकून दिलीस की आत काय होते, हे कोणत्याही संगणकाला काढता येत नाही, कारण कुठलाही क्रमांक तितकाच शक्य असतो. म्हणजे झालेल्या खर्चाचा खासगीपणा टिकतो. मोडू शकते ती बँकेची सही, आणि मग खोटी नाणी निघतील. त्यासाठी किल्ल्या ठरावीक मुदतीने बदलणे आणि जुनी नाणी त्या मुदतीत बदलून घ्यायला लावणे, हा उपाय तुझ्या हातात आहे. चोरलेल्या किल्लीने पाडलेली नाणी खऱ्या नाण्यांतून वेगळी ओळखता येत नाहीत. काढल्यापेक्षा जमा जास्त झाले, एवढ्यावरूनच चोरी कळते, म्हणून प्रत्येक किल्लीचा हिशेब वेगळा ठेव.

न्यायमूर्ती पुट्टस्वामी प्रकरणातला २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल तू प्रस्तावनेत सजावटीसारखा लावला आहेस. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले, एवढेच सांगून थांबू नकोस. त्या हक्कावरची मर्यादा गरजेच्या प्रमाणात असावी ही तिथली कसोटी तुझ्या प्रत्येक रकान्याला लाव.

पुढच्या मसुद्यासोबत मला एक तक्ता हवा: डावीकडे वॉलेट, दुकान, दुकानाची बँक, तुझी बँक आणि मध्यवर्ती बँक, वर व्यवहारात निर्माण होणारा प्रत्येक रकाना, आणि चौकटीत तो कोणाला दिसतो व किती दिवस राहतो. सर्व्हरच्या लॉगमधले रकानेही त्यात धर. आठव्या पानावर ‘तक्रार निवारणासाठी’ म्हणून तू उपकरणाचा क्रमांक आणि आयपी पत्ता नव्वद दिवस ठेवला आहेस. त्यापुढे मी दोन प्रश्नचिन्हे काढली आहेत, त्यांचे उत्तर आधी पाठव.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.